नरकाची मुदत

काशीत वाढलेल्या नीलकंठ गोरे या चित्पावन तरुणाने १८४४-४५ च्या सुमारास संस्कृतात एक ग्रंथ लिहिला, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. तेव्हा त्याचे वय जेमतेम वीस. कंपनी सरकारातला स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर याने 'मतपरीक्षा' नावाच्या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती धर्माची थोरवी आणि हिंदू शास्त्रांतल्या उणिवा मांडल्या होत्या, त्याला हे उत्तर होते. त्यातल्या एका आक्षेपाचा रोख शिक्षेवर आहे. जीव आधी नव्हताच, देवाने तो नव्याने घडवला, त्याला एकच अपुरे आयुष्य दिले, आणि तेवढ्या आयुष्यातल्या पापांसाठी कधीही न संपणारा नरक दिला, तर त्या देवाला दयाळू कसे म्हणायचे? कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्याच्या हिशेबात भोग संपतो आणि जीव पुढे जातो. ख्रिस्ती हिशेबात पुढे जायला वाटच नाही.

तीन-चार वर्षांनी, १४ मार्च १८४८ रोजी, जौनपूरला नीलकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. आणखी वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, त्यांनी कलकत्त्याला इंग्रजीत एक पुस्तिका छापली. विषय होता सार्वकालिक शिक्षेच्या शिकवणीवरचे आक्षेप, आणि या वेळी ते आक्षेपांना उत्तर देत होते. विशीत ज्या शिकवणीवर त्यांनी बोट ठेवले, तिचीच पाठराखण त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर केली.

या पुस्तकाची सुरुवात मी गोऱ्यांपासून करतो, त्याला कारण आहे. दुष्टांना देव अनंतकाळ यातनेत ठेवतो की शेवटी त्यांचा समूळ नाश करतो, हा वाद मराठी वाचकापुढे येतो तो इंग्रज आणि अमेरिकन नावांच्या यादीसकट. त्यामुळे तो परक्या घरातला तंटा वाटतो. माझ्या मते तसे नाही. आपल्या माणसांनी हा प्रश्न फार आधी आणि फार कळकळीने विचारला. त्यांच्यासाठी तो तर्काचा नव्हता, घरच्या माणसांचा होता. ज्याच्या सात पिढ्या ख्रिस्ती आहेत त्याला नरक म्हणजे परक्यांचे ठिकाण वाटू शकते. ज्याची आई बाप्तिस्मा न घेता गेली त्याला तसे वाटणे शक्य नाही.

वादातल्या बाजू आधी स्पष्ट करतो. बहुसंख्य मंडळ्यांची जुनी शिकवण अशी की न्यायाच्या दिवसानंतर दुष्टांना जी शिक्षा होते तिला अंत नाही. ती भोगणारा शुद्धीवर असतो आणि संपत नाही. पाचव्या शतकात ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथाचा एकविसावा भाग या शिकवणीच्या समर्थनासाठी खर्ची घातला, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ती पक्की झाली. दुसऱ्या मतानुसार अमरत्व माणसाला जन्मतः मिळालेले नाही. ते ख्रिस्तात मिळणारे दान आहे, आणि जो ते नाकारतो तो शेवटी उरत नाही. शिक्षा खरी असते, वेदना खरी असते, पण तिचा शेवट नाशात होतो. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या अर्नोबियसने जवळपास हेच लिहिले होते. तिसरे मत सर्वांच्या उद्धाराचे. ते ओरिजेनच्या नावाशी जोडले गेले आणि सहाव्या शतकात निषिद्ध ठरले. या पुस्तकात त्याचा विचार ओघाने येतो, मुख्य वाद पहिल्या दोन मतांतला आहे.

दोन्ही बाजू बायबलच हाती घेतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी नीतिमानांचे जीवन आणि दुष्टांची शिक्षा यांना येशूने एकच विशेषण लावले आहे. जीवन अनंत असेल तर शिक्षाही अनंतच हवी, हा पारंपरिक मताचा सर्वांत बळकट पुरावा, आणि त्याला सहज बाजूला सारणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. प्रकटीकरणातला युगानुयुग वर चढणारा धूर आणि अग्नीचे सरोवर याच बाजूचे. नाशाच्या बाजूचे लोक विचारतात: शिक्षेचा परिणाम अनंत असला तर शिक्षा अनंत झाली नाही का? यहूदाच्या पत्रात सदोम आणि गमोरा सार्वकालिक अग्नीचा दंड भोगत असल्याचे म्हटले आहे, पण ती नगरे आज जळत नाहीत, ती राख झाली. न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी हे चित्र यशयाच्या शेवटच्या ओळींतून येते, आणि तिथे किडा प्रेतांवर आहे, जिवंत माणसांवर नाही. शरीर आणि आत्मा दोन्हींचा नरकात नाश करू शकणाऱ्याला भ्या, असे येशू म्हणतो. पापाचे वेतन पौल मरण सांगतो. तीमथ्याला लिहिताना तो अमरत्व एकट्या देवाचे म्हणतो. प्रकटीकरणसुद्धा त्या सरोवराला दुसरे मरण म्हणते.

अनेक वर्षे हे उतारे पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला असे दिसते की मरण, नाश, भस्म, कोंडा जाळणे ही भाषा पवित्र शास्त्रात पानोपानी आहे, आणि न संपणाऱ्या यातनेची भाषा मोजक्या जागी. म्हणून माझा कौल दुसऱ्या मताकडे झुकतो. पण त्या मोजक्या जागा तिथे आहेत, आणि पुस्तकात मी त्यांना पूर्ण प्रकरण दिले आहे.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू, कारण गोऱ्यांची पुस्तिका तिथेच समजते. १८५३ मध्ये एफ. डी. मॉरिस या धर्मपंडिताला लंडनच्या किंग्ज कॉलेजातून काढले. अनंत या शब्दाचा अर्थ केवळ न संपणारा काळ असा लावू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणारा पाळक इंग्लंडच्या चर्चचे नियम मोडत नाही. त्यावर इतका क्षोभ झाला की सुमारे अकरा हजार पाळकांनी सार्वकालिक शिक्षेच्या बाजूने सही केली. या मोहिमेत पुढे होता ऑक्सफर्डचा पुसी. गोऱ्यांची पुस्तिका त्यानंतर चारच वर्षांनी आली. पुढे १८७६ मध्ये ते त्याच ऑक्सफर्डच्या परंपरेतल्या काउली पंथात उमेदवार म्हणून दाखल झाले. १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये प्रवचने देऊन नरकाच्या रूढ कल्पनेवर सर्वांत गाजलेला हल्ला कोणी केला? एफ. डब्ल्यू. फॅरर यांनी. त्यांचा जन्म १८३१ चा, मुंबईतला. वडील चर्च मिशनरी सोसायटीचे, नाशिकला काम केलेले. १८८० मध्ये पुसीने फॅररना ग्रंथरूपाने उत्तर दिले. म्हणजे मिशनऱ्याचा मुंबईत जन्मलेला मुलगा लंडनमध्ये नरकाची भीती सैल करत होता आणि काशीचा शास्त्री हिंदुस्थानात ती शिकवण सांभाळत होता. धर्मांतरित माणूस पाश्चात्त्यांचे ऐकून सौम्य होतो अशी आपली समजूत असते. इथे उलट घडले.

गोऱ्यांनी असे का केले? त्यांचा स्वभाव मधले काही मानणारा नव्हता. 'षड्दर्शनदर्पण' लिहिताना त्यांनी सहाही दर्शनांची तर्काने झडती घेतली, आणि पुढच्या आयुष्यात ते अशा टोकाला आले की माणसाच्या बुद्धीने प्रकटीकरणाचा न्याय करूच नये. ब्राह्मो समाजाला त्यांनी जे लिहिले त्यातही हाच सूर आहे: देव कसा असावा हे आपण ठरवायला लागलो तर आपण आपल्या मनाचीच पूजा करतो. या म्हणण्यात बळ आहे, आणि मला त्यात वेदनाही दिसते. नरकाची शिकवण क्रूर आहे असे म्हणणारा तरुण त्यांच्यात मेला नव्हता, त्यांनी त्याला गप्प केले होते. पुण्याच्या पंचहौद मिशनशी त्यांचे नाते होते, ज्याचे नाव आपल्याकडे १८९० च्या चहाच्या प्रकरणामुळे लोकांना ठाऊक आहे. त्यांचे लिखाण पंडिता रमाबाईंपर्यंत पोचले आणि १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्याला गोऱ्यांच्या युक्तिवादाचा हातभार होता. पण रमाबाईंनी त्यांच्यासारखा स्वतःचा प्रश्न दाबला नाही. १८८५ च्या सुमारास वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्यापासून कुमारीजन्मापर्यंत प्रत्येक गोष्ट विचारतात, आणि चर्च सांगते म्हणून मान्य करायला नकार देतात. एकाच मराठी ब्राह्मण परंपरेतून आलेली ही दोन माणसे, आणि श्रद्धेत प्रश्नाला कुठे जागा द्यायची याबद्दल दोघांचे दोन मार्ग.

तिसरा मार्ग नगरचा. माझे आजोळ नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, मुंबईतला, वडीलही मिशनरी. येलमध्ये शिकून १८७४ मध्ये ते अहमदनगरला आले आणि पाळक घडवणारी शाळा त्यांनी उभी केली. त्या वेळी अमेरिकेत अँडोव्हर या धर्मशास्त्रीय विद्यालयातले काही प्राध्यापक म्हणू लागले होते की ज्याने या जन्मी ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही, त्याला मरणानंतर ते ऐकण्याची संधी मिळत असावी. त्यांच्यावर खटल्यासारखी चौकशी चालली. ह्यूम तेव्हा रजेवर अमेरिकेत होते. १८८६ मध्ये अँडोव्हरला बोलताना त्यांनी या विचाराला सहानुभूती दाखवली. परिणाम असा की ज्या मिशन बोर्डाने त्यांना पाठवले होते त्याने त्यांना हिंदुस्थानात परत पाठवायला नकार दिला. बोर्डाच्या वार्षिक सभांत त्यावरून रणे माजली. अखेर १८८७ मध्ये ते नगरला परत येऊ शकले, आणि पुढे दुष्काळातल्या कामासाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. कवी नारायण वामन टिळक नगरला आले तेव्हा त्यांना भेटलेला ख्रिस्ती धर्म याच ह्यूमांच्या सहवासातला होता.

नगरच्या मिशनऱ्याला नोकरी पणाला लावून हे का म्हणावेसे वाटले, याचे उत्तर नगर जिल्ह्याच्या गावांत आहे. जो माणूस महारवाड्यात आणि मांगवाड्यात, दुष्काळात मेलेल्यांच्या घरांत वर्षानुवर्षे बसतो, त्याच्या कानावर एकच प्रश्न पडत राहतो: आमच्या आधीच्यांचे काय? माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या आईने घेतला नाही. ती शेवटपर्यंत खंडोबाची तळी भरत राहिली, आणि पणजोबा तिच्या शेजारी बसून प्रार्थना करत राहिले. आमच्या घरात तिच्याबद्दल कोणी कधी नरक हा शब्द उच्चारला नाही. हे अज्ञानातून नव्हते. पणजोबांना उपदेशातला प्रत्येक शब्द पाठ होता.

इथेच मला या पुस्तकातले माझे मुख्य म्हणणे सांगायचे आहे. नरक किती काळ टिकतो हा एक प्रश्न आहे. तिथे कोण जातो हा दुसरा. गेल्या पन्नास वर्षांतल्या बहुतेक लिखाणात पहिल्या प्रश्नावर भर आहे, आणि वाचकाला वाटते की त्याचे सौम्य उत्तर मिळाले की दुसराही सुटला. तो सुटत नाही. पणजोबांच्या आईला अनंत यातना होणार नाहीत, तिचा फक्त नाश होईल, असे मला कोणी सांगितले तर मला त्यात दिलासा सापडत नाही. गोऱ्यांच्या संस्कृत ग्रंथातला आक्षेप मुदतीबद्दल होता, तसाच तो ज्याला संधीच मिळाली नाही अशा जीवाबद्दलही होता. ह्यूमांनी नेमक्या त्या दुसऱ्या भागाला हात घातला. नाशाचे मत शास्त्राला धरून आहे असे मी मानतो, तरी ते या भागाला उत्तर देत नाही, आणि त्याने दिल्याचा आव आणू नये.

सिडनीच्या वेस्टमीडमध्ये बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. आमच्या स्टेशनवरून गाडी पॅरामॅटा आणि हॅरिस पार्क ओलांडून ग्रॅनव्हिलला जाते. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या संस्थापकांपैकी एक, एलन व्हाइट, १८९४-९५ मध्ये त्या ग्रॅनव्हिलला राहत होत्या. त्यांच्या पंथाची ऑस्ट्रेलियातली पहिली स्वतः बांधलेली चर्चची इमारत १८९२ मध्ये पॅरामॅटाला उभी राहिली. अमेरिकेच्या मेन राज्यात मेथडिस्ट घरात वाढलेल्या या बाईंनी लिहून ठेवले आहे की लहानपणी नरकावरची प्रवचने ऐकून त्या निराशेच्या कडेला पोचल्या होत्या, आणि आत्मा स्वभावतः अमर नाही हे मत आधी त्यांच्या आईने स्वीकारले. मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपेत असतो आणि दुष्टांचा शेवटी नाश होतो, हे त्या पंथाचे आजही अधिकृत मत आहे. पुण्यात औंधला स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ (पूर्वीचे स्पायसर कॉलेज) आहे, ते याच पंथाचे. म्हणजे पंचहौद आणि औंध, दोन्ही मते एका शहरात.

पुढचा दुवाही ऑस्ट्रेलियाचाच. ॲडव्हेंटिस्ट पंथातून बाहेर पडलेले रॉबर्ट ब्रिन्समेड यांनी अमेरिकेतल्या एडवर्ड फज यांना या विषयाचा अभ्यास करायचे काम दिले. त्यातून १९८२ मध्ये जो ग्रंथ निघाला त्याने इव्हँजेलिकल मंडळ्यांत नाशाच्या मताला पुन्हा चर्चेत आणले. १९८८ मध्ये इंग्रज धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांनी, फार जपून, आपलाही कल तिकडे असल्याचे लिहिले आणि आयुष्यभराच्या मित्रांचा रोष ओढवून घेतला. सिडनीत जन्मलेले फिलिप एजकम ह्यूज यांनी १९८९ मध्ये तेच म्हटले. १९९० मध्ये धर्मपंडित जे. आय. पॅकर यांनी मेलबर्नच्या व्याख्यानात जुन्या शिकवणीची बाजू घेतली, आणि ती नीट घेतली: पाप अनंत देवाविरुद्ध आहे, म्हणून त्याचे मोजमाप आयुष्याच्या लांबीवर करता येत नाही. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण त्यामागे देवाच्या पावित्र्याबद्दलचा जो आदर आहे तो पुष्कळ सौम्य लिखाणात मला आढळत नाही.

आमच्या भागात शेजारी बहुतेक हिंदू आहेत, आणि हा विषय त्यांच्यापुढे निघाला की वादाला अगदी निराळे वळण लागते. इंग्रज वाचकाला नाशाचे मत सोपे वाटते आणि अनंत नरक कठीण. आपल्याकडे दोन्ही कठीण. आत्मा जन्मत नाही आणि मरत नाही हे ज्याने लहानपणापासून गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ऐकले आहे, त्याला आत्म्याचा नाश ही कल्पनाच चुकीची वाटते. आणि जन्ममरणाची फेरी संपावी म्हणून जो साधना करतो तो विचारतो की संपून जाणे ही शिक्षा कशी? हा प्रश्न मला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी शांतपणे विचारला होता, आणि पाश्चात्त्य ग्रंथांत मला त्याचे तयार उत्तर सापडले नाही. माझे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या आधीच्या प्रकरणात आहे. थोडक्यात असे की बायबलच्या दृष्टीने अस्तित्व हे ओझे नसून देणगी आहे, आणि म्हणून ती गमावणे हीच सर्वांत मोठी हानी ठरते. त्याच वेळी, भारतीय विचारात अनंत नरक नाहीच असे म्हणणेही बरोबर नाही. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव स्वभावतः अंधतमसाला योग्य मानले आहेत आणि तिथून त्यांना परत येणे नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या माध्व घराण्यांना हे नवे नाही. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिकांकडे शुद्धिस्थान आहे, दोन नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा आहे. त्यामुळे मेलेल्यांसाठी काही करता येते ही सोय त्यांना आहे, आम्हा प्रॉटेस्टंटांना नाही. गीतेतला आत्मा, माध्वांचे अंधतमस आणि कॅथलिकांचे शुद्धिस्थान या तिन्ही गोष्टी एका टेबलावर ठेवून मराठीत लिहिलेले मला वाचायला हवे होते, ते मिळाले नाही, म्हणून हे पुस्तक लिहिले.

यातली प्रकरणे सलग वाचायलाच हवीत असे नाही. पाळकांनी उताऱ्यांचे प्रकरण आधी वाचावे. ज्यांच्या घरात नुकतेच कोणी गेले आहे त्यांनी नगरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि बाकीचे सवडीने पाहावे. माझा कौल मी लपवलेला नाही, पण प्रत्येक ठिकाणी समोरच्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे आधी मांडले आहे. ते कमकुवत करून मांडले गेले असेल तिथे मला जरूर लिहून कळवा.

एक विनंती. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात मराठीत या विषयावर पुस्तिका, उपदेश आणि पत्रे लिहिली गेली. त्यांतली पुष्कळ नगर, पुणे, नाशिक, सातारा, सोलापूरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या पेट्यांत पडून असतील. घर रिकामे करताना ती रद्दीत घालू नका. जवळच्या सेमिनरीच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या, आणि ते शक्य नसेल तर निदान पानांची छायाचित्रे काढून माझ्याकडे पाठवा.

वेस्टमीड, सिडनी